दोन खोल्यांचं छत

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार
रात्रभर पाऊस. तिसरी-चौथीच्या खोलीत चार घमेली, एक बादली. तरी पाणी फळ्याखालपर्यंत. पोरं व्हरांड्यात. दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसले. माझा आवाज पावसापुढे पुरला नाही.

११ सप्टेंबर
सुताराला वर चढवलं. माकडं उड्या मारतात, कवेलू फुटतात, पाणी मुरतं. खालचं आडं उधईने पोकळ. त्याने बोटाने दाबलं तर भुसा गळला. म्हणाला, "कवेलू बदलून का होते म्याडम, लाकूडच संपला."
शेजारच्या खोलीचं आडंही तसंच. आजपासून दोन्ही खोल्या बंद.

१८ सप्टेंबर
दुरुस्तीचा प्रस्ताव पुन्हा पाठवला. तिसरा. पहिला २०२१चा. यादीत नाव आहे, निधी नाही.
अंदाजपत्रक ओळखीच्या अभियंत्याकडून करून घेतलं. लोखंडी अँगल, पत्रा, भिंतींची डागडुजी, वायरिंग. २,८५,०००.

२ ऑक्टोबर, गांधी जयंती
ग्रामसभेत विषय मांडला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "शाळा सरकारची आहे, पैसे सरकारनं द्यावे."
खरं आहे. सरकारनेच द्यायला हवेत. मी तेच म्हणाले. पुढे म्हणाले, पावसाळा जूनमध्ये येतो, आणि तिसरीत अठरा पोरं आहेत.

५ ऑक्टोबर
शाळा व्यवस्थापन समितीची सभा. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया. आजवर बाया यायच्या, सही करायच्या, जायच्या. आज बोलल्या. अध्यक्षबाई रोवणी-कापणीच्या मजुरीवर जातात. म्हणाल्या, "आधी पावतीबुक छापा. मग मागू."
ठरलं ते असं. पावतीबुकावर अनुक्रमांक. पैसे त्याच दिवशी समितीच्या खात्यात, सह्या दोघांच्या. रोजचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर. शिक्षकाच्या हाती एक रुपयाही नाही. हे शेवटचं मी सुचवलं. आम्ही चौघे शिक्षक पाच-पाच हजार देऊ, तेही पावती घेऊनच.
कोणी शंकरपट भरवा म्हणालं. २०१४ला बंद झालेला पट मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने कायमचा मोकळा केला, तेव्हापासून गावोगावी पुन्हा जोर आहे. गर्दी होईल. पण बैलांना मार, पैजा, भांडणं. शाळेच्या छतासाठी नको वाटलं. बायांनाही नको होतं. विषय तिथेच थांबला.

१५ ऑक्टोबर
निवडणूक जाहीर. आचारसंहिता. आता महिनाभर गावात दुसरं काही सुचणार नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
साकोलीला घरी. भाऊ आला होता. ओवाळणीचं पाकीट देऊन म्हणाला, हे तुझ्या पत्र्याला. पावती उद्या फाडायची. क्रमांक १.

५ नोव्हेंबर
शेजारच्या गावी मंडई. दुपारी दंडार, पोरांच्या हातात फुगे, लेकी माहेरी आलेल्या. रात्री नाटक. तिकिटाच्या रांगेत ज्यांना पाहिलं त्यांतले निम्मे परवा म्हणाले होते, हातात पैसा नाही. खोटं बोलत नव्हते ते. नाटकाचा पैसा आपल्याकडे वेगळा ठेवलेला असतो, बियाण्यासारखा.

१० नोव्हेंबर, रविवार
शाळेसाठी नाटक ठरवायला वडशाला गेलो. मी, अध्यक्षबाई, सातवीच्या एका मुलाचे वडील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांची कार्यालयं, पाटीला पाटी लागलेली. भिंतींवर पोस्टरं, मुंबईच्या नटांचे फोटो मोठे, आपल्याकडच्यांचे लहान. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे रोजच्या रात्री विकल्या जातात. डायरीत तारीख शोधायला व्यवस्थापकाने दहा मिनिटं घेतली. २५ जानेवारी, शनिवार. सत्तर हजार. बयाणा पंधरा.
नाटक कौटुंबिकच हवं, अध्यक्षबाईंनी दोनदा बजावलं. "बाया येतीन असं पायजे."
बयाणा देताना माझ्या पोटात गोळा. खात्यात त्या दिवशी १९,२०० होते.

१४ नोव्हेंबर
बालदिन. मुलांना परशुराम खुणे सांगितले. शेतकरी माणूस, झाडीपट्टीचा नट, २०२३ची पद्मश्री. एकाने विचारलं, आपल्या गावात येतील का? माहीत नाही म्हणाले.

२० नोव्हेंबर
मतदान. कालपासून केंद्रावर. जेमतेम दोन तास झोप. यंत्रं जमा करून घरी पोहोचायला पहाटेचे तीन.

२३ नोव्हेंबर
साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला. २०८! गावात फटाके आणि शिव्या एकाच वेळी.

२७ नोव्हेंबर
निकालापासून समितीतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वर्गणीला एकत्र फिरणार नाहीत. एकाच्या हाताने दिलेली पावती दुसऱ्याची माणसं घेणार नाहीत.
अध्यक्षबाईंनी मार्ग काढला. घरोघरी बायाच जातील, चार-चारच्या टोळीने. प्रत्येक टोळीत दोन्हीकडच्या.

४ डिसेंबर
सकाळी साडेसातच्या सुमारास चहाचा कप बशीवर वाजला. खिडकी हलली. भूकंप. केंद्र तेलंगणात मुलुगूकडे, ५.३चा. तिथून इथवर.
परिपाठ मैदानात घेतला. मग बंद खोल्या बघायला गेले. मागच्या भिंतीत भेग, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर. आधी होती का? आठवत नाही. दिवसभर तेच. पेन्सिलने भेगेच्या टोकाशी आडवी रेघ मारून तारीख लिहिली.

८ डिसेंबर
धान गोळा करायला सुरुवात. बांधीबांधीत पुंजणे उभे, मळणीयंत्रं रात्रीही चालू. पैसा मागितला की माणूस आत जातो, बायकोशी बोलतो, परत येतो. धान मागितलं की तिथेच पायली भरतो. ढिगासमोर उभं राहून नाही म्हणता येत नाही म्हणे. मला मागताना जीभ जड होते. बायांना होत नाही. त्या रोवणीच्या दिवसांसारख्या मोठ्याने बोलत जातात.

९ डिसेंबर
१४ कट्टे.

१० डिसेंबर
फळ्यावर बेरजेत पन्नासचा फरक. सहावीतल्या पोराने पकडला. पावती ६३ दोनदा लिहिली होती. सर्वांसमोर खोडून नीट केली. संध्याकाळी तीन घरं स्वतःहून वर्गणी घेऊन आली.

१३ डिसेंबर
आज शाळा सुटताना तलावाकडच्या टोल्यावरचे आजोबा आले. पाचवीतल्या मुलीचे. ढिवर वस्ती, तीसेक घरं. शेती कोणाकडे नाही, तलावातली मासेमारी आणि मजुरी. बसा म्हटलं, बसले नाहीत.
"आमच्या टोल्यावर काहून नाई आले तुमी?"
मी म्हणाले, तुमच्याकडे धान नसतं म्हणून...
"इचारलं काय तुमी?"
उत्तर नव्हतं. घरांची यादी मीच केली होती. टोला मीच वगळला. त्यांच्यावर ओझं नको, असं मनात होतं. त्यांना न विचारताच ते मी ठरवलं होतं.
"आमची पोट्टी का दुसऱ्या शाळेत जाते?"
गेले. रात्री जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार
टोल्यावर गेले. अध्यक्षबाई सोबत. प्रत्येक घरी. माफी मागितली. एका म्हातारीने हात धरून बसवलं, काळा चहा दिला. वीस, पन्नास, एका घरी दोनशे. आजोबांच्या घरी शंभर. चार पोरं नाटकाचा खड्डा खोदायला येतो म्हणाली. आजोबा बोलले नाहीत, पण तलावापर्यंत पोहोचवायला आले. म्हणाले, नाटकाच्या दिवशी कलाकारांची मासळी आमची.

१६ डिसेंबर
यादी पुन्हा काढली. आणखी सात घरं सुटली होती. वीटभट्टीवर गेलेले दोघे, गावाबाहेरचा लोहार, एकट्या राहणाऱ्या तिघी, पोस्टमन. सगळी लिहिली.

२१ डिसेंबर
धान विकलं. ६१ कट्टे, २४ क्विंटल ४० किलो. आधारभूत केंद्रावर २,३०० आहे, पण तिथे सातबारा लागतो, ऑनलाइन नोंदणी लागते. शाळेचा सातबारा कुठला. एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर घालता आलं असतं, दोघांनी सुचवलंही. नको म्हटलं. व्यापाऱ्याने २,१०० दिले. ५१,२४०. म्हणजे ४,८८० कमी. फळ्यावर तेही लिहिलं, कारणासकट.

२९ डिसेंबर
माजी विद्यार्थ्यांचा गट. पुण्यातून, नागपुरातून, एक सुरतेहून. गळक्या खोलीचा फोटो टाकला. कोणी लिहिलं, याच खिडकीपाशी मी बसायचो. पैसे फोनवरच येतात. बिनचेहऱ्याचे वाटतात. म्हणून प्रत्येकाला मुलांनी पोस्टकार्ड लिहायचं ठरवलं. पत्ते मागवले.

३ जानेवारी २०२५
सावित्रीबाईंची जयंती. पोस्टकार्डं लिहून झाली. चौथीतल्या एकीने लिहिलं, "तुम्ही दिलेल्या पैशाने माझ्या डोक्यावर पाणी पडणार नाही." तपासायला घेतलेलं कार्ड तसंच पेटीत टाकलं.

१४ जानेवारी, संक्रांत
अध्यक्षबाईंची कल्पना. हळदीकुंकवाला वाणात काही नाही, तिळगूळ आणि तिकिटाचं पुस्तक. प्रत्येक बाईने दहा तिकिटं माहेरच्या गावी खपवायची. खुर्ची १५०, गादी १००, जमीन ६०. नाटकाला पाहुणे बोलवायचे असतातच. सोयरिकी जमतात, लेकी दोन दिवस राहतात.

१९ जानेवारी
खड्डा. कापणी झालेल्या बांधीत, उतार काढत, मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसेल असा. माती रंगमंचाकडे. टोल्यावरची पोरं चार म्हणाली होती, अकरा आली. दोन्ही गटांचीही आली. न बोलणारे दोघे एकाच घमेल्याला हात लावून माती टाकत होते. बोलले नाहीतच.

२२ जानेवारी
६८० तिकिटं गेली. घसा बसलाय. गाडीवरून पुकारा करणाऱ्या पोराला लिहून दिलं ते त्याने वाचलं नाही, आपलंच बोलला. त्याचंच चांगलं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळी अकराच्या आसपास फोन. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट. इमारतीचं छत कोसळलं, माणसं आत.
गावातली एक लेक तिकडे दिली आहे. जावई तिथेच कामाला. फोन लागेना. तिची आई शाळेत आली, इथल्या फोनवरून लावून बघा म्हणाली. लावत राहिले. दुपारी तीनला लागला. पाळी दुसरी होती, सुखरूप. बाई खाली बसली ती उठेचना.
मृतांचा आकडा वाढत गेला. रात्रीपर्यंत आठ जण.
मंडपवाला बांबू उतरवून गेलाय. उद्या नाटक.

२४ जानेवारी, रात्र
समिती माझ्या ओसरीवर. साडेनऊ ते बारा. कोणी म्हणालं, दोन मिनिटं उभं राहू, मग नाटक. बाहेरगावची तिकिटं, जेवणाचं सामान, कंपनीचे पैसे, सगळं खरं. मीही मनातून त्याच बाजूची होते. हिशेब डोक्यात चालू होता, थांबवता येईना.
अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या, "आपल्याच जिल्ह्यात माणसं मेली. उद्या आपण हासू का?"
नाटकात विनोदी पात्र असतंच. हसतीलच लोक.
पुढे ढकललं. व्यवस्थापकाला रात्रीच फोन. तो रागावला नाही. एका गावाने तारीख सोडली होती, ६ फेब्रुवारी. पैसे तेच.

२५ जानेवारी
दिवसभर फोन. गावोगावी निरोप. मंडपवाल्याचे पाच हजार बुडाले. तिकीट परत करायला किती येतील? रोख काढून ठेवली.

२६ जानेवारी
झेंडावंदन. मुलांनी दोन मिनिटं मौन पाळलं, अगदी पहिलीतल्यांनीसुद्धा. ग्रामसभेत आजवरचा जमाखर्च वाचला. नाटकाचा रकाना कोरा.
तिकिटं परत आली ९. फक्त नऊ.

३० जानेवारी
बारावीतल्या मुलीची आई आली. परीक्षा ११ तारखेपासून, रात्रभर भोंगे वाजले तर पोरीने अभ्यास कसा करायचा? बरोबर आहे तिचं. मुलीला दोन दिवस लाखांदुरात मावशीकडे पाठवायचं ठरलं. पोहोचवायला माझी गाडी.

५ फेब्रुवारी
खड्ड्यात कुत्र्याने पिल्लं घातली. पाच. टोल्यावरच्या पोरांनी टोपलीत उचलून तणसाच्या ढिगाआड नेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी कंपनीची गाडी आली. पडदे, पेट्या, तीसेक माणसं. संध्याकाळी टोल्यावरून मासळी. मरळ आणि रोहू, दोन मोठी घमेली. बाया चुलीपाशी. नवीन तांदळाचा भात. मुख्य नट मांडी घालून जेवले, दोनदा रस्सा मागून घेतला. आजोबा दाराशी उभे राहून बघत होते.
साडेनऊपर्यंत जमीन निम्मी रिकामी. मी तिकीटखिडकीच्या मागे. बोटं गार. दहाला बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, धुऱ्यावरून पायी माणसं, डोक्यावर चादरी.
साडेदहाला ऑर्गनचा पहिला सूर.

७ फेब्रुवारी, सकाळ
अजून झोपले नाही. लिहून ठेवते.
जमीन भरली. गादी भरली. खुर्च्या शाळेतून आणाव्या लागल्या. पोरं आयांच्या मांडीवर, मग नुसत्या चटईवर. दुसऱ्या अंकात बापाने लेकीला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या बाजूची बाई मोठ्याने म्हणाली, "काढू नको रे बाप्पा!" नट क्षणभर थांबला. थांबलाच. मग पुढे.
दुसऱ्या अंकानंतर मी बोलायचं होतं. भाषण लिहिलं होतं. घसा नव्हता. अध्यक्षबाईंना पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा माइक. आधी जवाहरनगरच्या माणसांसाठी सगळ्यांना उभं केलं. पंधराशेजण खड्ड्यात उभे, आवाज फक्त जनरेटरचा. मग म्हणाल्या, "या पैशात शाळेचा पत्रा होते. हिशेब सकाळी फळ्यावर राहील. बघून जाजा." खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं.
पाच वाजता पडदा पडला. आठला हिशेब फळ्यावर होता.
तिकिटं १,३८,२००. खर्च, बुडालेले पाच हजार धरून, १,०२,५००. शिल्लक ३५,७००.
मला जास्त वाटलं होतं.

९ फेब्रुवारी
एकूण.
रोख वर्गणी १,१२,३५०
धान ५१,२४०
माजी विद्यार्थी ६८,७००
शिक्षक २०,०००
नाटक ३५,७००
२,८७,९९०.
तीन वेळा बेरीज केली. मग मुलांकडून करून घेतली. आलं तेवढंच. नाटकाचा वाटा मोठा नाही. पण १४ जानेवारीनंतर आलेली रोख वर्गणी वेगळी काढून पाहिली. ४१,०००. नाटक ठरलं नसतं तर ही आली असती असं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी
कामाचा ठराव, वरच्या मंजुरीला कागद. या वेळी मागणी निधीची नव्हती, परवानगीची.

१० मार्च
परवानगी अकरा दिवसांत आली होती. आज कवेलू उतरवले. चांगले निघाले तेवढे रचून ठेवले. आड्याच्या पोकळीत जुनी पाटीची पेन्सिल सापडली, दगडी. कोण टाकून गेलं, किती वर्षांपूर्वी.
वर्ग कडुलिंबाखाली.

२ एप्रिल
अँगल बसले. वेल्डिंगच्या ठिणग्या बघू नका म्हटलं तरी बघतात.

१९ एप्रिल
पत्रा पूर्ण. उन्हाने तापतो. दुपारी खोलीत बसवत नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं. उरलेले २,९९० त्यात घालून आतून बांबूची ताटी लावायची. बुरूड म्हणाला, मजुरी नको, बांबू आणून द्या.

२८ एप्रिल
ताटी झाली. हात लावून पाहिलं. फरक आहे.
भेगेपाशीची पेन्सिलची रेघ गिलाव्याखाली गेली.

२३ जून
शाळा सुरू. तिसरी-चौथी आपल्या खोलीत. दोन वाजता ढग, मग सर. पत्र्यावर एवढा आवाज की शिकवणं बंद. सगळे वर बघत बसलो. कोपऱ्यात एक थेंबही नाही.

२७ जून
देणगीदारांचा फलक लागला. रकमा नाहीत, फक्त नावं, अकारविल्हे. हे समितीत सर्वानुमते. रंगाऱ्याने अक्षर सुंदर काढलंय.

२८ जून
टोल्यावरचे आजोबा आले होते, नातीला सोडायला. फलकासमोर बराच वेळ उभे. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, मग खाली सरकवत गेले. काही बोलले नाहीत. निघून गेले.
दुपारी कळलं काय शोधत होते ते. मासळी त्यांच्या एकट्याची नव्हती. सहा घरांनी जाळी टाकली होती. खड्डा खोदणारी अकरा पोरं नाहीत. बुरूड नाही. भात शिजवणाऱ्या बाया नाहीत. फलक पावतीबुकावरून केला. यांची पावती फाडलीच नव्हती.
पुन्हा तेच केलं मी.

२९ जून, रविवार
टोल्यावर जाऊन नावं लिहून आणली. बायांची अध्यक्षबाईंनी सांगितली. एकूण ३४. फलकाखाली जागा आहे, दोन ओळी आखून घेतल्या. रंगारी उद्या सकाळी येतो म्हणाला. निळ्या रंगाचा डबा अर्धा शिल्लक आहे. पुरेल.